सरकारी पुस्तकांत परवान्याची एक ओळ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडायच्या सुमारास बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागतात. मंडळ स्वतःच त्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवते, हे चांगलेच आहे. पण सुरुवातीची पाने उलटली की सूचना दिसते : संचालकांच्या लेखी परवानगीवाचून पुस्तकातील कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. म्हणजे पुस्तक उतरवून घ्या, वाचा, पण पुढे त्याचे काही करू नका.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात ही सूचना नुसती छापील राहत नाही. धडगाव, अक्कलकुव्याकडची कितीतरी मुले घरी पावरी किंवा भिलोरी बोलतात. पहिली-दुसरीच्या शिक्षकाला धडा आधी त्यांच्या बोलीत सांगावाच लागतो. वर्गातल्या वर्गात त्याला आडकाठी नाही, शिकवण्याच्या ओघात होणाऱ्या वापराला १९५७च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याचे कलम ५२ सूट देते. मात्र तोच धडा बोलीत लिहून, त्यातली चित्रे घेऊन, छोटी पुस्तिका काढून शेजारच्या तालुक्यात पाठवायची म्हटले की परवानगीचा प्रश्न उभा राहतो. कोणी पकडत नाही, हे मलाही ठाऊक आहे. यूट्यूबवर धड्यांचे व्हिडिओ ढिगाने आहेत. पण न विचारता वापरणारा बिनधास्त आणि नियम पाळू पाहणारा शिक्षक मात्र हात आखडून बसलेला, ही तऱ्हा शिक्षण खात्याला तरी शोभत नाही.

यावरचा उपाय जुना आहे आणि फुकटचा आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून जगभर वापरात आहेत. त्यांत लेखक आपला हक्क सोडून देत नाही. माझे नाव द्या, काही बदलले असेल तर तसे सांगा आणि खुशाल वापरा, एवढे तो आधीच लिहून ठेवतो. हवे तर आणखी अटी घालता येतात : धंद्यासाठी नको, फेरफार नको, किंवा नवी कृतीही याच परवान्याखाली द्या. बंगळुरूच्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये ‘स्टोरीविव्हर’ सुरू केले ते याच पायावर. तिथल्या चित्रमय गोष्टी कोणीही आपल्या भाषेत उतरवाव्यात, छापाव्यात, अगदी विकाव्यातसुद्धा. मराठी गोष्टीही तिथे भरपूर आहेत. लेखक, चित्रकार आणि अनुवादक यांची नावे गोष्टीबरोबर राहतात. एवढे करूनही त्या संस्थेची छापील पुस्तके विकली जातातच. जे एका धर्मादाय संस्थेला जमते, ते करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या खात्यांना का जमू नये?

सरकारी पातळीवर हे झालेलेच नाही असेही नाही. केंद्राची पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीने २०१३ मध्ये शैक्षणिक साहित्याचे राष्ट्रीय भांडार अशाच परवान्याखाली सुरू केले. त्याच वर्षी गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. कोंकणी विकिपीडिया तेव्हा पूर्णपणे उभाही राहिला नव्हता. भाषकसंख्येने आपल्याहून कितीतरी लहान असलेल्या शेजारी भाषेने तेव्हा दाखवलेले धाडस मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यानंतर आपण दाखवायला हरकत नसावी. नाहीतर कायद्याने शासकीय प्रकाशनावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. १९८०चे पुस्तक २०४० सरेपर्यंत अडकलेले, मग ते बाजारात मिळो वा न मिळो.

यावर हमखास येणारा आक्षेप गाइडवाल्यांचा : खुले केले की ते धडेच्या धडे उचलून पैसे कमावतील. मला याची फारशी भीती वाटत नाही. ‘याच परवान्याखाली द्या’ ही अट घातली, तर उचललेल्या मजकुरात त्यांनी जी भर घालून छापली असेल, तीही दुसऱ्या कोणाला उचलता येईल. ‘धंद्यासाठी नको’ ही अट मात्र शक्यतो टाळावी. तालुक्याच्या ठिकाणचा झेरॉक्सवाला पुस्तिका छापून वर दोन रुपये घेणार असेल, तर तो आपलेच काम करतो आहे.

याचा अर्थ कोणाचेही काहीही पुढे ढकलावे असा मुळीच नाही. दिवाळी अंक बाजारात येतात न येतात तोच त्यांच्या पीडीएफ फिरतात, ही सरळ चोरी आहे आणि तिने आधीच तोट्यात असलेले छोटे संपादक आणखी खाली जातात. पु. लं.च्या नावाने भलत्याचेच लिखाण फिरवणाऱ्यांची जातही तीच. खुल्या परवान्याची पहिली अटच नाव योग्य देण्याची असते. ती एवढी अंगवळणी पडली तरी मोठे काम होईल.

खरी अडचण निराळी आहे. पाठ्यपुस्तकातल्या सगळ्याच मजकुरावर मंडळाचा हक्क नसतो. कविता कवीची किंवा त्याच्या वारसांची असते, चित्रे कित्येकदा चित्रकाराची. जे आपले नाही ते मंडळाला खुले करता येणार नाही. म्हणून सुरुवात करारापासून करावी लागेल. हक्क देताना मुदत आणि प्रदेश लिहिले नसतील, तर कलम १९ नुसार मुदत पाच वर्षे आणि प्रदेश भारतापुरता धरला जातो. जुन्या करारांत काय लिहिले आहे ते एकदा नीट तपासावे. नव्या करारांत खुल्या परवान्याची अट स्पष्ट लिहावी आणि तिचे म्हणून लेखक-चित्रकारांना मानधन वाढवून द्यावे. ज्या कवीला हे नको असेल, त्याच्या कवितेखाली ‘सर्व हक्क राखीव’ असे छापून बाकीचे पुस्तक मोकळे करावे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
शहादा, जि. नंदुरबार