आईची रविवारची गोळी

पुणे,
मंगळवार, रात्रीचे साडेदहा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, 'तीन दिवसांत पक्के दात' म्हणणाऱ्या इम्प्लांटच्या दवाखान्याचा, तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला तो कागद चारदा वाचला. फोनवर बोललो असतो, पण आई मध्येच 'जेवलास का?' विचारणार आणि तुम्ही 'बरं, बघू' म्हणून तिच्याकडं फोन देणार. म्हणून लिहितोय. चष्मा लावून सावकाश वाचा, आईलाही वाचून दाखवा, आणि तुमच्या साखरेचं येईल तिथलं गाळू नका.

आधी कामाचं. आगाऊ ५० हजार भरू नका. सणाची ऑफर शनिवारी संपते म्हणतात, तर संपू दे.

मी डॉक्टर नाही. पण चौदा वर्षं लॅबमध्ये बसून लोकांचे दात घडवतोय. नीट बसलेला दात माझ्याकडं परत येत नाही, बिघडलेला येतो. त्यामुळं हे काम कुठं फसतं ते टेबलावर बसल्या बसल्या बरंच बघून झालंय.

बाबा, तुमच्या भाषेत सांगतो. इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, स्क्रू. टायटॅनियमचा, साधारण ४ मिलिमीटर जाड आणि १० मिलिमीटरच्या आसपास लांब. त्याच्यावर एक छोटा खुंट बसतो, खुंटावर आम्ही केलेली कॅप, म्हणजे वरून दिसणारा दात. तुम्ही डेपोत स्टड बसवायचात तेव्हा आटे धरले की काम संपायचं. इथं आटे धरले की काम सुरू होतं. पुढचे काही महिने भोवतीचं हाड वाढत जाऊन त्या धातूला चिकटतं, तेव्हा कुठं तो स्क्रू चावायच्या लायकीचा होतो. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात हाड भुसभुशीत म्हणून चार ते सहा.

हे कळलं तेसुद्धा अवचित. स्वीडनचे ब्रोनेमार्क म्हणून डॉक्टर होते. १९५०च्या दशकात ते सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटी कुपी बसवून रक्ताचा प्रवाह बघत होते. काम झाल्यावर कुपी काढायला गेले, तर निघेचना. हाडानं धरून ठेवली होती. १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात स्क्रू बसवले. २००६ साली तो वारला तोवर ते कामात होते. चाळीस वर्षांच्या वर! तुमच्या एकाही गाडीला एवढं आयुष्य नसेल.

मग 'तीन दिवसांत पक्के दात' हे खोटं का? अगदी खोटं नाही. हाड भक्कम असेल आणि स्क्रू पहिल्याच दिवशी घट्ट बसला, तर लगेच दात चढवतात. त्यासाठी डॉक्टरांकडं टॉर्कचा, म्हणजे पिळाचा जोर मोजणारा पाना असतो, ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास लागला तर बरं म्हणतात. पण कुणाला ते चालेल, हे हाड बघून ठरतं. तोंड उघडून बघायच्या आधीच ते कागदावर छापून आलंय, तिथंच मला खटकलं.

आता त्या कागदात जे नाही ते सांगतो. त्यात आठ इम्प्लांट आहेत, आईला सहा, तुम्हाला दोन. रक्कम आहे, हप्ते आहेत, 'लाइफटाइम वॉरंटी' आहे. आईची रविवारची गोळी नाही. तुमची साखर नाही. तुमची ती रक्त पातळ करायची गोळी नाही. म्हणजे विचारलंच नाही ना कुणी?

आई, गोळीचं नीट ऐक. मनगट मोडल्यापासून तू दर रविवारी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर ती हाडाची गोळी घेतेस, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही म्हणून अंगणात फेऱ्या मारतेस, तीच. चार वर्षं झाली. ती गोळी हाडाची झीज थांबवते, ते चांगलंच. पण त्यामुळं हाडाची आपली आपण डागडुजी करायची चालही मंदावते. अशा माणसाच्या जबड्यात दात काढला किंवा भोक पाडलं, तर क्वचित ती जखम भरतच नाही, हाड उघडं पडतं. गोळीवाल्यांत हे फार थोड्यांना होतं, वर्षाकाठी इंजेक्शन घेणाऱ्यांनीही तेवढंच सांभाळायचं, कॅन्सरसाठी तीच औषधं जास्त मात्रेत घेणाऱ्यांना धोका बराच मोठा. घाबरायचं नाही. पण डॉक्टरांना ठाऊक हवं, आणि हाडाच्या डॉक्टरांचं आणि दाताच्या डॉक्टरांचं आपसात बोलणं व्हायला हवं. तू आपल्या मनानं गोळी बंद करू नकोस. पाकीट फेकू नकोस, मला नाव लागेल.

आणि मिसरी. मला माहितेय, देवघरामागच्या कोनाड्यात. बाबांनाही माहितेय, ते बोलत नाहीत इतकंच. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरायला वेळ लागतो, आणि ज्याला स्क्रू धरायचाय ते हाड अशक्त राहतं. मी काही रागावणार नाही. फक्त डॉक्टरांना खोटं सांगू नकोस. आणि त्यांना म्हण, गालाच्या आतून एकदा नीट बघा, कुठं पांढरा चट्टा आहे का. इम्प्लांट राहिला बाजूला, ते आधी.

तुझी वरची कवळी ठीक आहे ना? टाळूला चिकटून राहते. त्रास खालचीचा. खाली टाळू नसते, जीभ सारखी उचलते, आणि अकरा वर्षं कवळी घालून हाडाचा उंचवटा झिजून सपाट झालाय. गेल्या मे महिन्यात शेंगा भाजल्या तेव्हा तू सगळ्यांना सोलून दिल्यास आणि स्वतः दाण्याचं कूट करून खाल्लंस. ते बघून मला जेवण गेलं नाही. तेव्हापासूनच मी विचार करतोय.

पण त्यासाठी सहा स्क्रू नि पक्के दात कशाला? खाली पुढच्या बाजूला, हनुवटीच्या वर, दोन स्क्रू बसवतात. त्यांच्यावर टिचबटणासारखे दोन गोळे, आणि कवळीच्या आतून त्याच मापाच्या टोप्या. कवळी खटकन बसते, हलत नाही, रात्री काढून धुता येते. २००२ साली कॅनडात माँट्रियलला जगभरातली जाणती माणसं जमली होती, त्यांनीच म्हटलं की ज्याच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही, त्याला द्यायचा पहिला पर्याय हाच असावा. लॅबमध्ये मी हे बरंच करतो. टोप्यांच्या आतलं नायलॉन झिजतं, वर्ष-दोन वर्षांनी बदलावं लागतं, पण ते काम किरकोळ. खर्च सहा स्क्रूंच्या मानानं कितीतरी कमी. शिवाय पुढची ती जागा बरीच सुरक्षित, कारण खालच्या जबड्यातली नस तिच्या मागेच बाहेर पडते.

ती नस बाबांच्या दाढेखालून जाते, म्हणून त्यांचं वेगळं. बाबा, तुमची उजवीकडची खालची, पुढच्या मधल्या दातापासून मोजत सहावी आणि सातवी दाढ गेलीय. तिथं स्क्रू खोल गेला आणि नसेला लागला, तर ओठ आणि हनुवटी बधिर पडते, कधी कधी कायमची. त्या लोकांनी काढला तो लांबट एक्स-रे. त्यात हाडाची उंची कळते, तीही थोडी वाढीव, जाडी कळत नाही. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच हाड रुंदीला बरंच उतरतं, तुमच्या तर दोन वर्षं झाली. सीबीसीटी नावाचा त्रिमितीचा स्कॅन असतो, तो काढल्याशिवाय पुढं जायचं नाही. हाड कमी निघालं तर हाडाची भर घालावी लागेल, त्याचा खर्च नि वेळ वेगळा.

आणि मला विचाराल तर तुम्हाला दोन नकोत, एकच. सहावी बसली की चावायचं काम भागतं. सातवीवाचून कितीतरी माणसं निवांत जेवतात. मात्र खाली जागा रिकामी राहिली की वरची सातवी हळूहळू खाली उतरते, ती कितपत उतरलीय ते डॉक्टरांना बघायला सांगू. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांना धरून बसवलेला दात, हा स्वस्त पर्याय, पण त्याला दोन्हीकडं दात लागतात, तुम्हाला मागं आधारच नाही. कागदावर ते लिहिलेलं नाही, मी सांगतोय.

त्याआधी साखर. तीन महिन्यांची सरासरी ८.६ आली होती ना? ती सातच्या आसपास येईपर्यंत मी तरी थांबेन. ब्रश करताना रक्त येतं म्हणता, तो बहुतेक पायरिया. आधी हिरड्या साफ, मग बाकीचं. लोकांना वाटतं लोखंडी दात किडत नाही. किडत नाहीच, पण भोवतीची हिरडी सुजते आणि हाड गुपचूप खाली जातं. दुखत नाही म्हणून कळतही नाही, नि एक दिवस स्क्रू हातात येतो. खऱ्या दातांना पायरिया झालेल्यांना हे जास्त होतं. अँजिओप्लास्टीनंतरच्या गोळ्या मात्र कुणी कितीही सांगितलं तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायच्या नाहीत. पूर्वी दाताचे डॉक्टर सर्रास बंद करायला सांगायचे.

एक गोष्ट माझ्या टेबलावरची. गेल्या पावसाळ्यात एका बाईंची कॅप आली, ढिली झालेली. आतला स्क्रू घट्ट करायचा एवढंच काम. पण इम्प्लांट कुठल्या कंपनीचा, ते त्यांना सांगता येईना, बसवणारे डॉक्टर गाव सोडून गेलेले. आमच्याकडचे तीन पाने लावून बघितले, एकही बसेना. शेवटी डॉक्टरांनी चांगली कॅप कापून काढली. तुम्हाला हे लगेच कळेल, गाडीचा नट कुठल्या मापाचा ते माहीत नसेल तर पाना काय करणार? म्हणून बसवल्या दिवशी कार्ड मागायचं. कंपनी, जाडी, लांबी, लॉट नंबर. ते रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवायचं. वॉरंटीबद्दलही विचारायचं, की ती कशाची? बऱ्याचदा ती स्क्रूच्या धातूची असते, कॅपची नाही आणि हाडाची तर नाहीच. आणि सांगितलेल्या रकमेत कॅप धरलीय का, ते लिहून घ्यायचं.

कॅप शक्यतो स्क्रूनं बसणारी करायची, सिमेंटनं चिकटवणारी नको. सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला की तिथंच सूज सुरू होते. माझी कॅप मी थोडी हलकी ठेवतो. म्हणजे असं, खऱ्या दाताखाली बारीक गादी असते, चावलं की तो किंचित दबतो. इम्प्लांट दबत नाही. म्हणून नुसते दात टेकवले की चावा तपासायच्या लाल-निळ्या कागदाचा ठिपका शेजारच्या दातांवर आधी उठायला हवा, आणि करकचून चावल्यावरच इम्प्लांटवर. तुमची मीच करणार, कुणाला देणार नाही.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी येतो. कराडजवळच्या मलकापूरला कृष्णा विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात जाऊ. हिरड्यांचे, सर्जरीचे आणि कवळीचे, तिन्ही विभाग एकाच ठिकाणी आहेत, एकमेकांशी बोलतील तरी. वेळ जाईल, विद्यार्थी चारदा तोच प्रश्न विचारतील, तेव्हा चिडायचं नाही. सगळी औषधं पिशवीत घालून ठेवा, अँजिओप्लास्टीची फाइलही. आई, जुनी कवळीही घे. मोडकी म्हणून तू पत्र्याच्या डब्यात टाकलीस ती, तिच्यावरून तुझं पूर्वीचं चावणं कळतं.

चिनूची परीक्षा संपली, पेपर बरे गेले म्हणतेय.

तुमचा,
राजू

ता. क. बाबा, त्यांच्या ट्रेमध्ये टॉर्कचा पाना दिसेल. हातात घेऊन बघू नका, निर्जंतुक केलेला असतो. माझ्याकडं जुना आहे, तो घेऊन येतो.