परीकथांचा शहरातला संसार

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका पालकांनी, परीकथांतील पात्रांना आजच्या शहरात आणून बसवणाऱ्या इंग्रजी चित्रकथांवर कडक टीका केली होती. मुलांच्या निरागस गोष्टींची ही विटंबना असून अशी पुस्तके वाचनालयांतून काढून टाकावीत, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्या काळजीतला एक भाग मला पूर्णपणे मान्य आहे आणि त्याविषयी पुढे लिहितेच आहे. परंतु विटंबनेचा आरोप या पुस्तकांवर अन्याय करणारा आहे आणि तो तसाच राहू देणे मला पटत नाही.

या प्रकारातील सर्वांत गाजलेली मालिका म्हणजे बिल विलिंगहॅम यांची ‘फेबल्स’. ती २००२ मध्ये सुरू झाली, २०१५ मध्ये दीडशेव्या अंकावर थांबली आणि २०२२ मध्ये काही अंकांसाठी पुन्हा निघाली. परीकथांचे सारे देश एका आक्रमकाने जिंकून घेतले आहेत आणि जीव वाचवून निघालेली पात्रे न्यूयॉर्कच्या एका कोपऱ्यात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता लागू न देता, पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, अशी तिची मूळ कल्पना आहे. हिमगौरी तिथला सगळा कारभार पाहते. बेडूक झालेला राजपुत्र इमारतीची झाडलोट करतो आणि सिंड्रेलाचे पादत्राणांचे दुकान आहे. हिमगौरी, झोपलेली राजकन्या आणि सिंड्रेला या तिघींना वरणारा देखणा राजपुत्र इथे एकच असून त्याची तिन्ही लग्ने मोडली आहेत.

यातला लांडगा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो या वस्तीचा फौजदार आहे. माणसाच्या रूपात वावरतो, आणि शहरातले वास त्याच्या तिखट नाकाला सोसवत नाहीत म्हणून सतत सिगारेट ओढतो. ज्यांना माणसाचे रूप नाही अशा पात्रांसाठी शहरापासून दूर एक शेत राखून ठेवलेले आहे; तिथून पळून आलेले एक डुक्कर, म्हणजे गोष्टीतल्या तीन डुकरांपैकीच एक, पहिल्याच अंकात या लांडग्याच्या खोलीत मुक्काम ठोकून असते. ज्याने फुंकर मारून घर पाडले त्याच्याच घरी आता त्याला आसरा मिळालेला आहे. वस्तीच्या करारानुसार सर्वांचे मागचे गुन्हे माफ झालेले आहेत, पण ती माफी कागदावर आहे. एकमेकांशी वागताना बोलताना कोणी काही विसरलेले नाही. मूळ गोष्टीतला एकेक तपशील ध्यानात ठेवून, त्याचे परिणाम पात्रांना पुढे कसे भोगावे लागले असतील याचा असा बारकाईने विचार करणाऱ्या लेखकाला त्या गोष्टीविषयी आदर नाही, असे मी तरी म्हणू शकत नाही.

राहिला निरागसपणाचा मुद्दा. ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये निघाला तेव्हा हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई करण्यात आली. त्याच गोष्टीच्या शेवटी त्या राणीला तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचवले जाते. लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट फ्रान्समध्ये शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये छापली तीत लांडगा तिला गिळतो आणि गोष्ट तिथेच संपते. तिला सोडवणारा शिकारी ग्रिम बंधूंकडे भेटतो. आज आपण ज्याला मूळ रूप समजतो ते अशा एखाद्या फेरफाराचेच रूप असते.

बडोद्याच्या माणसाला तर हे वेगळे सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मा यांच्याकडून पुराणकथांवरची चित्रे काढून घेतली. त्यांच्या कितीतरी नायिका त्या काळच्या घरंदाज बायकांप्रमाणे लुगडी नेसलेल्या आहेत. पुढे १८९४ मध्ये रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढला, ती चित्रे घरोघरी गेली, आणि आज आपल्या डोळ्यांपुढे लक्ष्मी किंवा सरस्वती उभी राहते ती बहुधा त्याच वेषात. याच शहरातल्या प्राच्यविद्या मंदिराने रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या पानापानावर तळाशी पाठभेद नोंदलेले आहेत. आणि आमच्या पिढीने ‘चांदोबा’तून दरमहा वाचलेला विक्रम-वेताळ? मूळ कथा पंचवीस. त्या संपल्यावरही वेताळ राजाच्या खांद्यावरून नव्या गोष्टी सांगत राहिला, त्या कोणीतरी नव्याने रचलेल्या होत्या, आणि त्याला कोणी विटंबना म्हटल्याचे मला आठवत नाही.

आता पालकांच्या काळजीविषयी. ‘फेबल्स’ ज्या व्हर्टिगो या नाममुद्रेखाली निघाली तिची पुस्तके प्रौढ वाचकांसाठी असत. या मालिकेत खून आहेत, युद्धे आहेत, स्त्री-पुरुष संबंधांची उघड चित्रणे आहेत. मुखपृष्ठावर राजकन्या दिसली म्हणून पुस्तक मुलांचे ठरत नाही. आमच्या भागातल्या एका वाचनालयात नेमके हेच झाले. देणगीतून आलेले या मालिकेचे खंड कोणीही न उघडता मुलांच्या कपाटात ठेवले गेले, एका आईने योग्य ती तक्रार केली, आणि मग ते प्रौढांच्या विभागात हलवण्याऐवजी थेट रद्दीत काढण्यात आले. चूक कपाट निवडण्याची होती, तिची शिक्षा मात्र पुस्तकांना झाली. खरेदी करणाऱ्यांनी आणि देणग्या स्वीकारणाऱ्यांनी चित्रकथांची चार पाने चाळण्याचे कष्ट घेतले असते, तर त्या आईला तक्रार करावी लागली नसती आणि आम्हा मोठ्यांनाही वाचायला मिळाले असते.

मला खरी खंत वेगळीच आहे. या मालिकेत असा एक तर्क येतो की, सामान्य माणसांना ज्या पात्राची गोष्ट जितकी आठवते तितके त्या पात्राचे बळ टिकते, आणि म्हणून हिमगौरीसारखी पात्रे जिवावरच्या दुखण्यातूनही उठतात. हे वाचताना माझ्या मनात आपलीच माणसे येत होती. श्रावणातल्या कहाणीतली राजाची नावडती सून, जिला जेवायला उष्टे, नेसायला जाडेभरडे आणि राहायला गुरांचे बेडे मिळाले, ती पुढे राजाला आवडू लागली. पण मग त्या तीन आवडत्या सुनांचे काय झाले? कहाणी त्याविषयी एक शब्द सांगत नाही. त्या चौघी आज दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्यात, वाटणीचा दावा लढवत, एकाच जिन्याने चढउतार करत असतील तर? भोपळ्यात बसून निसटलेल्या म्हातारीने वाघाला परत येण्याचा शब्द दिला होता. ती परत आली, पण भोपळ्यातून ओरडून पुढे निघून गेली. तो वाघ अहमदाबाद-मुंबई महामार्गावरच्या टोलनाक्यावर अजून प्रत्येक गाडीत डोकावून पाहत असेल. ही पात्रे कोणाच्या मालकीची नाहीत. २०२३ मध्ये विलिंगहॅम यांनी आपली मालिका सर्वांसाठी खुली केल्याचे जाहीर केले आणि प्रकाशकांनी ते अमान्य केले. आपल्या कहाण्यांवर असा हक्क सांगायला कोणी येणार नाही.

आणि हे काम बडोद्यात व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपली मराठी घरे या गुजराती मुलखात आली तेव्हा या कहाण्या सोबत घेऊन आली आणि बायकांनी त्या श्रावणाशुक्रवारी सांगून जिवंत ठेवल्या. १९५० पासून इथे ललित कला विद्याशाखा आहे. भूपेन खख्खर यांच्यासारख्या चित्रकाराने घड्याळ दुरुस्त करणाऱ्यापर्यंत गल्लीतली साधी माणसे कॅनव्हासवर आणली ती इथेच राहून. गोष्ट सांगणारी चित्रे काढणारे हात या शहरात आहेत आणि मराठी लिहिणारेही आहेत. त्यांची गाठ घालून देणारे कोणी नाही. मराठी वाङ्मय परिषदेने आणि ललित कला विद्याशाखेने मिळून एखादी कार्यशाळा घ्यावी, तिच्यातून एका कहाणीची तरी आजच्या बडोद्यातली चित्रकथा पूर्ण करून घ्यावी, आणि आपण आपल्या रविवारच्या पुरवणीत तिला क्रमशः अर्धे पान द्यावे, अशी विनंती आहे. अशी कार्यशाळा ठरल्यास घरच्या बायकांकडून ऐकलेल्या कहाण्या, त्यांच्या पाठभेदांसह, लिहून देण्याची माझी तयारी आहे.

आपली,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे