पणजीतल्या पायरीवाटा वापरात राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पणजीला आलेला पाहुणा चर्चच्या पांढऱ्या नागमोडी पायऱ्यांवर उभा राहून फोटो काढतो आणि पुढे जातो. त्याच चर्चच्या मागे आल्तिनोची टेकडी आहे. तिथे घरांच्या कुंपणांमधून वर-खाली जाणाऱ्या चिऱ्यांच्या पायऱ्या किती आहेत, हे आता पणजीकरांनाही सांगता येणार नाही. आम्ही त्यांना नुसते 'सोपणां' म्हणतो. बहुतेकींना ना नाव, ना पाटी.

माझा जन्म टेकडीखालच्या मळा या वस्तीतला आणि नोकरी आल्तिनोवरच्या कचेरीतली. हातात डबा घेऊन सकाळी पायऱ्यांनी वर, संध्याकाळी खाली, असे सव्वीस वर्षे केले. गाडीने जायचे तर टेकडीला वळसा पडतो, पायऱ्यांनी दहा मिनिटेही लागत नाहीत. आई दर शनिवारी मारुतीला जायची तीही पायऱ्यांनीच. जत्रेच्या दिवसांत तर पाय ठेवायला जागा नसे. १८४३ साली राजधानी पणजीत आली. पुढे टेकडीवर लिसेंव म्हणजे पोर्तुगीज काळातली शाळा, बिशप पॅलेस आणि बंगले झाले, खाली फोंतेन्हास आणि मळ्यात घरे दाटत गेली. मधे डोंगर कापून रस्ता काढला, त्याचे पोर्तुगीज नावच 'कोर्त द ऑतैरू', म्हणजे टेकडीचा काप. तरी पायी जाणाऱ्याची जवळची वाट सोपणांचीच राहिली.

गेल्या महिन्यात नातीला घेऊन यातल्या एका वाटेने चढलो. चिरा मधोमध झिजून वाटीसारखा खोल झालेला, त्यात पावसाचे पाणी. कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून माशांच्या हुमणाचा वास. वळणावर कौलांच्या पलीकडे एकदम ओरेमची खाडी दिसली, तशी नात थबकली. याच शहरात वाढलेल्या मुलीने ती इतक्या उंचावरून कधी पाहिली नव्हती, याचे मला फार वाईट वाटले.

त्याच वाटेवर पुढे पायरी फोडून पाण्याचा पाइप आडवा टाकलेला आणि वर सिमेंटचा ओबडधोबड लपका. शेवाळावरून माझा पाय घसरला. धरायला कठडा नाही. "सांबाळून, काका!" म्हणत खालच्या घरातली बाई धावत आली म्हणून निभावले. दिव्याचा खांब होता, दिवा नव्हता. वरच्या टोकाला कुणीतरी फाटक बसवून कुलूप घातले आहे, तेव्हा आलो तसे परतलो. सार्वजनिक वाट कुलपात कशी जाते, याचे उत्तर मिळायला हवे.

आणखी एक गोष्ट पावसाळ्यात मळ्यात राहणाऱ्यालाच कळते. या पायऱ्यांच्या कडेने पाणी वाहून नेणारी अरुंद गटारे आहेत. ती बांधकामाच्या मातीने आणि प्लास्टिकने बुजली की टेकडीवरचे पाणी पायऱ्यांवरूनच धो धो खाली येते, चिरे उखडते आणि आमच्या दारात साचते. मळा आधीच सखल. तेव्हा ही गटारे मे महिन्यातच उपसली पाहिजेत.

एक कळकळीची विनंती. दुरुस्ती करा, पण सुशोभीकरण नको. गुळगुळीत फरशी किंवा घोटलेले सिमेंट यांवरून पहिल्याच सरीत माणूस घसरतो. खरबरीत चिऱ्याला पायाची पकड मिळते. फुटलेल्या जागी चिराच बसवावा, एका बाजूला लोखंडी कठडा लावावा, रात्री दिवा असावा, आणि दोन्ही टोकांना वाट कुठून कुठे जाते ते लिहिलेली पाटी. टेकडीवर गाड्या उभ्या करायला जागा नाही म्हणून रोज तक्रारी होतात. चालायची वाट धड असेल तर निदान काही माणसे गाडी घरी ठेवतील. मी तरी आयुष्यभर तेच केले.

पाऊस ओसरला की दर रविवारी सकाळी नातीबरोबर एकेक वाट चढून वहीत नोंदवायचे ठरवले आहे. ज्या जुन्या पणजीकरांना या पायऱ्यांची घरगुती नावे आठवत असतील, त्यांनी ती याच सदरातून कळवावीत.

— एक वाचक, मळा, पणजी