मृत्यूच्या कारणाचा रकाना

मा. संपादक,

मी पस्तीस वर्षे ग्रामसेवक होतो. जन्म-मृत्यूची नोंदवही माझ्याच कपाटात असायची. मृत्यूच्या कारणापुढे 'म्हातारपण', 'ताप', 'हृदयक्रिया बंद पडून' असे काहीतरी लिहून आम्ही मोकळे होत असू. हृदयक्रिया काय, फाशी गेलेल्याचीही बंद पडतेच! त्यामुळे साथ आली की सरकार ती कबूल का करत नाही, याचे मला फारसे नवल वाटत नाही. वरचा साहेब खोटे बोलण्याआधीच खाली रकाना भरून झालेला असतो.

मुंबईत मेट्रो सिनेमासमोर डॉ. अकासिओ व्हिएगस यांचा पुतळा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आल्याचे त्यांनी ओळखले. अधिकारी मात्र सुरुवातीला 'गाठीचा ताप' म्हणत राहिले. प्लेगचे नाव घेतले की परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडवणार, ही धास्ती. व्यापार काही वाचला नाही. काही महिन्यांत जवळपास निम्मे शहर गाव सोडून गेले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. कालपर्यंत 'विशेष काही नाही' म्हणणारे सरकार आता घरात घुसून झडत्या घेऊ लागले. पुण्यात त्याची परिणती काय झाली, ते वाचकांना सांगायला नको.

२० जुलै २०२१ रोजी केंद्राने राज्यसभेत सांगितले की, कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी वेगळे कळवलेले नाही. उत्तर अक्षरशः खरेही असेल. पण असे मृत्यू कळवायचे कोणी आणि कुठल्या रकान्यात? पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू (म्हणजे एरवी अपेक्षित असतात त्याहून जास्त) झाल्याचा अंदाज दिला, तेव्हा केंद्राने तिच्या गणितावर आक्षेप घेतला. जरूर घ्यावा, पण मग स्वतःची मोजणी तरी लगेच पुढे ठेवावी. २०२१ च्या जन्म-मृत्यू नोंदणीची देशभरची आकडेवारी बाहेर आली मे २०२५ मध्ये! २०२० साली नोंदलेले मृत्यू ८१.२ लाख, २०२१ साली १०२.२ लाख. यातली काही वाढ नोंदणी सुधारल्यामुळे असेल. माझ्या सहकाऱ्यांचे तेवढे श्रेय मी सोडणार नाही. तरी एका वर्षात २१ लाख जास्त, आणि त्या वर्षीचे सरकारी कोविड मृत्यू मात्र सुमारे ३.३ लाख.

कारणावर तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा. एकूण किती माणसे गेली, तो जिल्हावार आकडा मात्र दर महिन्याला प्रसिद्ध व्हावा. आता नोंदी संगणकावर होतात. आमचा तक्ता हाताने लिहिलेला असायचा, तरी महिन्याच्या महिन्याला तालुक्याला पोचायचा.

— एक निवृत्त ग्रामसेवक, जि. सातारा