गडकरी साहेब, नोझल लागलेलं असताना गाडी सुरूच होऊ नये एवढं बघा

मा. श्री. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी नाशिकचा, सिडकोत राहतो, टुरिस्ट गाडी चालवतो. त्र्यंबक, वणी, शिर्डी, मुंबई एअरपोर्ट, मिळेल ते भाडं. आधी कबुली देऊन टाकतो, नाहीतर पुढचं सगळं उगाच शहाणपणा वाटेल. सीएनजीचं नोझल गाडीला लागलेलं असताना मी गाडी पुढं काढलेली आहे.

पहाटेचं एअरपोर्टचं भाडं होतं. रात्री साडेतीनला रांगेत लागलो कारण सकाळी लागलो असतो तर फ्लाइट काय, भाडंही गेलं असतं. नंबर आला, पंपावरच्या पोराने नोझल लावलं, व्हॉल्व्ह फिरवला आणि तो पलीकडच्या गाडीकडे गेला, कारण सीएनजी भरायला तीन-चार मिनिटं लागतात आणि एक पोरगा दोन बाजू सांभाळतो. नियमाप्रमाणे मी खाली उतरलेलो होतो. पण पॅसेंजरचा फोन आला, फोन डॅशबोर्डवर, म्हणून आत बसलो, बोलत बोलत. तेवढ्यात कुणीतरी बोनेटवर थाप मारली आणि "झालं, चला" असं ओरडलं. थाप शेजारच्या गाडीवर होती. मी सेल्फ मारला आणि निघालो.

तीन-चार फूट गेलो असेन. फट्ट करून आवाज, मग सूंऽऽ, आणि आरशात बघतो तर पाइप सापासारखा खाली पडलेला आणि पोरगा बाजूला आपटलेला. नशीब म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, पण खरं तर ते नशीब नव्हतं, कुणीतरी डोकं लावून बनवलेली वस्तू होती. ब्रेकअवे कपलिंग म्हणतात. पाइपवर ठराविक ताण आला की ते मधनंच सुटतं आणि दोन्ही तोंडं आपोआप बंद होतात. सीएनजी दोनशे बार दाबाने भरतात साहेब, म्हणजे साधारण २९०० पीएसआय, आपल्या कारच्या टायरात हवा असते बत्तीस पीएसआय. ते कपलिंग नसतं तर हे पत्र लिहायला मी असतो का माहीत नाही.

पोराच्या तळहाताला जखम झाली. कपलिंगचे पैसे मी भरले ते ठीक, चूक माझीच. पण ती लाइन अर्धा दिवस बंद राहिली म्हणून पोराचाही पगार कापला, हे मला नंतर कळलं आणि ते अजून खुपतं. पंपाचं नाव घेत नाही, कारण नाव घेऊन काही होणार नाही, दुसऱ्या पंपावर हेच झालं असतं.

आता खरी गोष्ट पुढं आहे. माझ्या गाडीला हे होऊ नये म्हणून स्विच होता. कंपनीच्या सीएनजी गाड्यांत फिलिंगच्या झाकणापाशी मायक्रो स्विच असतो, झाकण उघडं असेल तर गाडी सुरूच होत नाही. मारुती आणि टाटा दोघंही हे फीचर म्हणून सांगतात. माझ्या गाडीचं किट बाहेरून बसवलेलं, पण त्यातही स्विच होता. होता म्हणतोय, कारण मीच तो मारून टाकला होता.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात नागपूरची फॅमिली घेऊन त्र्यंबकहून परत येत होतो, अंजनेरीपाशी चहाला थांबलो, परत बसलो तर गाडी मेली. सेल्फच घेईना. बॅटरी बघितली, फ्यूज बघितले, म्हातारे आजोबा मागे बसून "काय झालं हो?" विचारतायत, आणि मला काय झालं तेच कळेना. सातपूरहून वायरमन बोलावला, तो दीड तासाने आला आणि पाच मिनिटांत सापडलं. त्या स्विचमध्ये पाणी आणि माती गेली होती, गाडीला वाटत होतं झाकण उघडंच आहे. त्याने दोन वायरी एकमेकींना जोडल्या, टेप मारली, दोनशे रुपये घेतले आणि म्हणाला, "आता जन्मात त्रास नाही." मी त्याला धन्यवाद दिले, चहा पण पाजला.

म्हणजे साहेब, माझ्या गाडीत सेफ्टी होती, ती कामाची होती, आणि मी ती स्वतः पैसे देऊन काढली. आमच्या मुंबई नाक्याच्या स्टँडवर हा विषय काढला की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणतो सगळ्या गाड्यांना सक्तीचं करा, पेट्रोल-डिझेलला पण. दुसरा म्हणतो आणखी एक सेन्सर म्हणजे आणखी एक बिल, आधीच गाड्या कॉम्प्युटर झाल्यात, कसाऱ्यात रात्री दोनला बंद पडली तर मंत्री येणार का ढकलायला. दोघांचंही मला पटतं, हाच तर प्रॉब्लेम आहे.

पण मग मी माझ्या भाच्याची इलेक्ट्रिक गाडी बघितली. चार्जिंगची गन लावलेली असताना मी मुद्दाम ड्राइव्हला टाकून बघितली, जागची हलत नाही, आणि समोर स्क्रीनवर स्वच्छ लिहून येतं की चार्जर लागलेला आहे. भाचा म्हणाला हा नियमच आहे, तुमच्याच खात्याच्या एआयएस नावाच्या गाड्यांच्या स्टँडर्डमध्ये, एआयएस-०३८ मध्ये कारसाठी आणि एआयएस-१५६ मध्ये दुचाकी-तीनचाकीसाठी. कनेक्टर गाडीला लागलेला आहे तोवर गाडी स्वतःच्या ताकदीने हलता कामा नये. बरं, तिथं कुणी म्हणत नाही की अतिरेक आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीला हे सरळ जमत नाही कारण पेट्रोलचं नोझल गाडीशी बोलत नाही, गाडीला कळतं ते फक्त झाकण. म्हणून स्विच झाकणावरच बसणार आणि झाकणाला माती, पाणी, धक्के सगळं लागणार. मग तो बिघडणार हे धरूनच नियम करायला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. अख्खं पत्र एवढ्यासाठीच.

म्हणजे काय, तर एक, स्विचने फक्त उभी गाडी अडवावी. चालती गाडी कधीच बंद पाडू नये. आमच्या नाशिकच्या द्वारका चौकाचे खड्डे तुम्हाला माहिती असतील, नसतील तर या एकदा, तिथं डिकी उघडते तर पेट्रोलचं झाकण काय चीज आहे. हायवेवर ऐंशीच्या स्पीडला झाकण उघडलं म्हणून इंजिन बंद पडलं तर ती सेफ्टी नाही, तो खून आहे. चालताना उघडलं तर लाइट लागू दे, आवाज येऊ दे, बास. आणि दुसरं, गाडी अडवली तर का अडवली ते समोर लिहून यावं. मी अंजनेरीला दीड तास बॅटरी चाटत बसलो कारण गाडीने मला सांगितलंच नाही. समोर नुसतं "झाकण बघा" आलं असतं तर मी उतरलो असतो, कापडाने पुसलं असतं, आणि बहुतेक तो वायरमन माझ्या आयुष्यात आलाच नसता. माणूस सेफ्टी काढतो ती सेफ्टी नको म्हणून नाही हो, ती मुकी आहे म्हणून काढतो.

गंमत बघा, जुन्या बऱ्याच किटांचा व्हॉल्व्ह बोनेटखाली असतो. गॅस भरायचा तर बोनेट वर, आणि बोनेट वर असताना समोरचं दिसतच नाही तर कोण गाडी काढणार? त्याला ना सेन्सर ना वायर.

आता तपासणीचं. आमच्या पिवळ्या प्लेटच्या गाड्यांना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी पासिंग असतं, पेठ रोडला आरटीओत आम्ही जातोच. पण प्रायव्हेट सीएनजी गाडी पंधरा वर्षं कुणी बघत नाही. एक गोष्ट मात्र सगळ्यांना करावी लागते, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाने पाणी भरून टाकी तपासायची. त्याच्याशिवाय पंपावर गॅस देत नाहीत, निदान देऊ नये असं आहे. मग त्याच दिवशी तो स्विच पण तपासा ना! झाकण उघडा, सेल्फ मारा, सुरू झाली तर फेल. दहा सेकंदाचं काम आहे, त्याला मशीन पण लागत नाही. आणि बायपास केलेली असेल तर दंडापेक्षा नवा स्विच बसवून घ्यायला लावा, दंड भरून माणूस बाहेर येतो आणि टेप तशीच राहते.

हे मी तुम्हालाच लिहितोय त्याला कारण आहे. २०२२ मध्ये तुम्हीच सांगितलं होतं की चार मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांत बसलो तर सीटबेल्टचा अलार्म वाजू नये म्हणून क्लिप लावलेली होती. मग २०२३ मध्ये ऑनलाइन कंपन्यांना त्या क्लिपा विकणं बंद करायचा आदेश निघाला. ती क्लिप आणि माझ्या गाडीतली ती टेप, एकाच आईची लेकरं. फरक एवढाच की क्लिप लावली तर बसणारा मरतो, टेप लावली तर बाजूला उभा असलेला पंपावरचा पोरगा.

पंपवाल्यांचं पण सांगतो, थोडक्यात. प्रत्येक पंपावर मोबाईल बंदचा मोठा बोर्ड असतो आणि त्याच्याच खाली क्यूआर कोड, मोबाईल काढून पैसे द्या म्हणून. हसू येतं. पण गाडी निघू नये यासाठी काय? काही नाही. थाप हीच सिस्टीम आहे. गॅस भरून होईपर्यंत चावी पोराच्या हातात द्यायची असा नियम केला तरी निम्मं काम होईल, पण बटन स्टार्टच्या गाड्यांना चावी खिशातच असते, आणि व्हीआयपी माणूस रात्री साडेतीनला चावी देत नाही हो, उलट वाद घालतो. हे ओझं पोरावर टाकू नका. आणि नोझल ओढून नेलं ड्रायव्हरने तर पगार पोराचा कापता येणार नाही, एवढं लेबर खात्याला सांगता येतं का बघा. तुमचं खातं नाही, माहिती आहे.

पेट्रोलच्या जागी डिझेल भरायचे घोळ मी इथं आणत नाही. फक्त एवढं, की डिझेलचं नोझल जाड असतं म्हणून ते पेट्रोल गाडीत सहसा घुसत नाही, पण पेट्रोलचं नोझल डिझेल गाडीत आरामात जातं, आणि डिझेलचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच तेलकटपणावर जगतो. ओझरच्या एका मित्राने पेट्रोल पडल्यावर गाडी सुरू केली नाही, टोचन करून नेली, टाकी रिकामी केली, थोडक्यात सुटला. सुरू केली असती तर गेली असती कामातून.

घाई कशाची ते पण सांगतो. ऑक्टोबर २०२६ पासून सिंहस्थ लागतोय, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पर्वण्या आहेत. भर पावसात देशभरातून गाड्या येणार, पंपांवर रांगा, ड्रायव्हर झोपेला आलेले, नाशिकची भाषा न कळणारे, आणि नोझल लावणारी पोरं बहुतेक महिन्याभरासाठी घेतलेली. तिथं थापेच्या भरवशावर राहायचं? नवा नियम गाड्यांत यायला वर्षं लागतात हे कळतं मला. पण हायड्रो टेस्टच्या वेळी स्विच बघा असा आदेश तर तेवढ्यात निघू शकतो.

माझ्या गाडीचा स्विच मी परत जोडून घेतलाय. त्याच वायरमनकडून. तो हसला आणि म्हणाला, पावसात परत येशील. यावेळी झाकणाच्या आत रबर लावलंय आणि डिकीत एक कोरडं फडकं ठेवलंय, बघू जूनमध्ये काय होतं.

आपला,
एक टुरिस्ट ड्रायव्हर, एमएच-१५
सिडको, नाशिक