हातावरचा डाग आणि बाकी खुशाली

ती. बाबा आणि आई, साष्टांग नमस्कार. आजीच्या पाया पडते.

बाल्या, हे मोठ्यानं वाच आणि सगळं वाच, मधलं गाळू नको.

पहिले त्या डागाचं सांगते. आई, परवा व्हिडिओ कॉलवर तू माझा हात पाहिला आणि तेव्हापासून तुझ्या जिवाला घोर लागलाय असं बाल्या म्हणत होता. मला कोणी मारलं नाही, मी ड्युटीवर पडली नाही आणि काही लपवतही नाही. धनुष्याची दोरी लागली. हो, धनुष्याची, हसू नका. इथं नॉटिंगहॅमजवळ आमच्या गावात तिरंदाजीचा क्लब आहे, नवशिक्यांसाठी सहा रविवारचा कोर्स असतो, तो लावला. कोपर नीट बाहेर वळवलं नाही तर सुटलेली दोरी हाताच्या आतून सटकन घासत जाते. त्यासाठी ब्रेसर म्हणून पट्टा बांधतात, माझा जरा खाली बांधल्या गेला होता. आता बरोबर बांधते. विषय संपला.

आता बाबा म्हणतील, एकट्या पोरीनं सुट्टीत आराम करायचा सोडून हे काहून? बाबा, आठवडाभर वॉर्डात पेशंटशी बोलते तेवढंच बोलणं, खोलीवर आली की भिंती. रविवारी निदान कोणीतरी विचारतं चहात साखर किती. आणि सगळे सभ्य लोक आहेत. नऊ वर्षांची एक पोट्टी आहे, व्हीलचेअरवर एक बाई आहे ती बसूनच माझ्यापेक्षा चांगलं मारते, आणि शहात्तर वर्षांचे एक आजोबा आहेत, पूर्वी कोळशाच्या खाणीत होते. इथली शेवटची खोल खाण २०१५ ला बंद झाली म्हणे. मी म्हटलं आमच्या जिल्ह्यात वणीला कोळसा निघतो, तर खुर्ची सरकवून जवळ बसले आणि अर्धा तास खाणीचंच बोलले, मला अर्धं समजलं. मग विचारलं तू कुठली, मी म्हटलं नागपूरच्या बाजूची, कारण यवतमाळ कोणाला कळणार. तर म्हणतात, ओजस देवतळेच्या गावची? मला काही सुचेना, बाथरूममध्ये जाऊन गुगल केलं. आपल्या नागपूरचा पोट्टा २०२३ ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला, फायनलला १५० पैकी १५०, त्याच वेळी साताऱ्याची अदिती स्वामी पण, आणि मला इथल्या म्हाताऱ्याकडून कळावं! बाल्या, तुला माहीत होतं का?

आजीला सांगा, धनुष्य ओढायला तीन बोटं लागतात, एक बाणाच्या वर, दोन खाली. अंगठा नुसता मुडपून ठेवायचा. द्रोणाचार्यांनी उगाच मागितला. माझं धनुष्य १८ पौंडाचं आहे, म्हणजे ओढायला आठेक किलो, आपल्या विहिरीची भरलेली बादली जास्त भरेल. आणि मी डावखुरं धनुष्य धरते बरं का. पहिल्याच दिवशी दोन्ही हातांची खिडकी करून लांबचं झाड पाहायला लावलं, मग एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याला झाड खिडकीतच राहतं तो खरा नेमाचा डोळा. माझा डावा निघाला. म्हणून धनुष्य उजव्या हातात, म्हणून डाग उजव्या हातावर. झालं समाधान?

आता इथली एक गंमत, नीट समजून घ्या कारण मला समजायला दोन रविवार लागले. मैदानावर काही धोका दिसला की कोणीही ओरडतं "फास्ट!" आपल्याला शाळेत शिकवलं फास्ट म्हणजे लवकर. इथं त्याचा अर्थ थांबा! जुन्या इंग्रजीत फास्ट म्हणजे घट्ट, जागचं न हलणारं, ते "स्टँड फास्ट" मधलं. ते ऐकलं की ओढलेली दोरीसुद्धा सोडायची नाही, हळूच परत आणायची. नऊ वर्षांच्या पोट्टीनं ओरडलं तरी सगळे थांबतात, मोठी माणसंही, कोणी "तुला काय कळतं" म्हणत नाही. तर दुसऱ्या रविवारी ती ओरडली "फास्ट", आणि मी म्हटलं उशीर होतोय वाटतं, घाईघाईनं सोडला बाण. आई, कुत्रा लांब होता, पार मागच्या पायवाटेवर, त्याला काही झालं नाही. बाण गवतात गेला. कोणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. मग सगळे एका रांगेत वाकून गवत चाचपत चालले, अगदी आपल्या पराटीत निंदायला पात लागते तसे. मी म्हटलं ह्यात मला कोणी हरवू शकत नाही, आणि बाण मलाच सापडला. टाळ्या वाजवल्या त्यांनी. मी जरा बाजूला जाऊन उभी राहिली, डोळ्यात कचरा गेला होता.

इथल्या एका राजानं १३६३ साली हुकूम काढला होता की सुट्टीच्या दिवशी फुटबॉल वगैरे सोडून बाणाचाच सराव करायचा, म्हणजे मी कायद्यानंच जाते असं समजा.

मृग लागला का? पाऊस आला की पेरणीची घाई करू नका बाबा, मागच्या वर्षी दुबार झाली. बियाण्यासाठी तीस हजार टाकलेत, दर वेळेपेक्षा कमी आहेत माहीत आहे, पुढच्या महिन्यात भरून काढते. कोर्सची फी सत्तर पौंड होती, म्हणजे आठेक हजार, म्हणजे पराटीच्या बियाण्याच्या आठ-नऊ थैल्या. भरताना हिशेब केला नाही, नंतर केला. आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नका, मला पोळ्याला नाही जमणार, दिवाळीचं तिकीट पाहते. पट्टी निघाली की पहिला कॉल मला.

आणि ते दारव्ह्याचं स्थळ. मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही, पण नुसता फोटो पाहून हो पण म्हणत नाही. दिवाळीपर्यंत दम धरा म्हणावं. आणि मुलाकडच्यांना तिरंदाजीचं आत्ताच सांगू नका, नाहीतर सांगा, मला कळत नाही.

तुमची,
बेबी

ता. क. बाल्या, फीची ओळ मोठ्यानं वाचली असशील तर काय बोलणार. नसेल वाचली तर बरं झालं.