मिसळीपर्यंतचं चालणं

नाशिक,
रविवार, दुपार

चि. सौ. अनघा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर रिपोर्ट वाचून दाखवलास, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 7.8, आणि लगेच म्हणालीस, "बाबा, मी तर बारीक आहे, मला मधुमेह कसा झाला?" आई शेजारीच डोळे पुसत बसली होती, म्हणून मी विषय बदलला. आता ती झोपली आहे.

बारीक असण्यावर जाऊ नकोस. तुझ्या पुण्यातल्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आपल्याकडे हे फार आढळतं. वजनकाटा शाबासकी देतो, पण हातपाय काटकुळे असतात आणि चरबी पोटात साठलेली असते. त्यात माझ्याकडून आलेलं आहेच. शेतीचा तुकडा काही मला देता आला नाही, वारशात हेच दिलं.

माझ्या मधुमेहाच्या चौदा वर्षांतली पहिली पाच मी कशी घालवली ते तुला कधी सांगितलं नाही. तेव्हा अंबडच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम होतं. डॉक्टर म्हणाले चाला, तर मी फक्त रविवारी चालायचो. पहाटे उठून गंगापूर रोडने थेट सोमेश्वरपर्यंत, चांगले दोन तास, घाम निथळेपर्यंत. बरोबर आमच्या खात्यातले चौघे. आणि परतताना मिसळ. तर्री वाढवून, पावाची दुसरी जोडी मागवून, वर गोड चहा. "एवढं चाललोय, जिरेल!" सोमवार ते शनिवार खुर्ची, लेथ आणि बस. दर तीन महिन्यांनी साखर होती तिथेच, आणि मी डॉक्टरांनाच दोष द्यायचो.

चूक कुठे होती हे कळायला मला ग्लुकोमीटर विकत घ्यावा लागला. एका रविवारी चालायच्या आधी बोट टोचलं तर साखर 214, चाळीस मिनिटांनी 171. दुसऱ्या दिवशीही बरी होती. बुधवारपर्यंत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. स्नायूत साखर शिरायला एरवी इन्सुलिन लागतं, आणि आपल्या आजारात स्नायू त्याला दाद देत नाहीत. पण स्नायू काम करू लागला की इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतो. शिवाय त्यानंतर एक ते तीन दिवस इन्सुलिनला जरा बरं ऐकतो. मग तो गुण ओसरतो. म्हणून आठवड्याचं तेल रविवारी एकदम पाजून लेथ चालत नाही, तसंच हे. आठवड्याला 150 मिनिटं म्हणतात, पण ती निदान तीन दिवसांत वाटलेली हवीत आणि लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. मी तर एकाच खाड्याची सवलत ठेवली आहे. खाडा हा कारखान्यातला शब्द, तुला हसू येईल. पण त्याची भीती अजून अंगात आहे, त्याचा उपयोग होतो.

तू म्हणशील, ऑफिस, वाकडचं ट्रॅफिक, ओमचा अभ्यास, वेळ कुठून आणू? वेळ तोडून तोडून घे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात टाइप दोन मधुमेहाच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला होता. काही दिवस त्यांना दिवसातून एकदा कधीही तीस मिनिटं चालायला सांगितलं आणि काही दिवस प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. मिनिटं तेवढीच, पण जेवणानंतर चाललेल्या दिवसांत जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची 22 टक्क्यांनी. आजी "शतपावली घाल" म्हणायची तेव्हा आपण टीव्ही लावायचो. वेग असा हवा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आणि ऑफिसात अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग बसू नकोस. पाण्याची बाटली छोटी ने, म्हणजे उठावंच लागतं.

घरकामात चालणं होतंच, असं मात्र मला सांगू नकोस. तुझी आई चाळीस वर्षं दिवसभर उभी आहे. पाय दुखतात, पण दम लागत नाही. दमणं वेगळं आणि दम लागणं वेगळं. रात्री भांडी कोण घासणार, हा प्रश्न जावईबापूंना विचार. मी विचारला असं सांगितलंस तरी चालेल.

चालण्याइतकंच दुसरं काम म्हणजे स्नायू वाढवणं. ते मी फार उशिरा सुरू केलं. साखर साठवायचं सगळ्यात मोठं कोठार तेच, आणि तुझ्याकडे नेमकं तेच कमी. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. जिमची फी भरायलाच हवी असं नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. श्वास कोंडून जोर लावू नकोस. त्याआधी डोळ्यांचा पडदा एकदा तपासून घे. पडद्याच्या रक्तवाहिन्या बिघडलेल्या असतील तर जड वजन आणि शीर्षासन दोन्ही बंद. आणि जोरकस व्यायामानंतर कधी साखर वाढलेली दिसली तर घाबरू नकोस. त्या वेळी लिव्हर साखर सोडतं, थोड्या वेळाने ती उतरते.

आता पांडवलेणीची गोष्ट. ही आईला माहीत नाही. चालणं नियमित झालं तसा मला चेव चढला. एका सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, नाश्ता परत आल्यावर करू म्हटलं आणि त्या दोनेकशे पायऱ्या न थांबता चढलो. उतरताना हात थरथरायला लागले, थंडीच्या दिवसांत शर्ट भिजला, फाळके स्मारकाचं फाटक कुठल्या बाजूला हेच सुचेना. खाली उसाच्या रसाच्या गाडीवाल्याने माझं तोंड पाहूनच ग्लास हातात दिला. पंधरा-वीस मिनिटांनी माणसात आलो. घरी येऊन मोजली तेव्हाही 82 होती, म्हणजे तिथे किती असेल! पुढे डॉक्टरांनी डोस कमी केला. तुला सध्या नुसतं मेटफॉर्मिन आहे, त्याने एकट्याने साखर अशी सहसा पडत नाही. पण पुढे गोळी बदलली की आधी विचारून घे, आणि ओढणीच्या टोकाला का होईना, साखरेच्या पुड्या बांध. 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायची.

पायांचं सांगायचं राहिलं. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या, म्हणजे आपल्यासारख्याच आजाराच्या, गरीब रोग्याला सांगितलंय, जोडे आणि छत्रीशिवाय शंभर योजनं चालावं, नाहीतर विहीर खणावी. चालणं खरं, अनवाणी मात्र नको. या आजारात पायाची जाणीव हळूहळू जाते. आमच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या एका गृहस्थांना बुटातला खडा दोन दिवस कळला नाही, आणि मग अंगठा वाचवता वाचवता महिने गेले. सुती मोजे घाल, बूट संध्याकाळी विकत घे, तेव्हा पाय जरा सुजलेला असतो. आणि रात्री तळवे पाहत जा.

नागलीचे पापड पाठवतोय, तळू नकोस, भाज. द्राक्षं येतील तेव्हा पेटी पाठवणार नाही, घोस पाठवीन.

आणि एक ठरवू. रोज रात्री पावणेनऊला मी जेवून गोदापार्कच्या बाजूला निघतो, कान झाकून, कारण थंडी कडक पडली आहे. तूही तेव्हाच जेवून खाली उतर आणि मला फोन लाव. पंधरा मिनिटं बोलू. तुला दम लागतोय की नाही ते मला ऐकू येईलच.

तुझे,
बाबा